अमेरिकेतील यादवी युद्ध नेमके कशासाठी झाले?

२७ डिसेंबर २०२३ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील बर्लिन या छोट्या शहरात, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिंगणात उतरलेल्या निक्की हेली यांना सभेतील एका श्रोत्याने विचारले की, अमेरिकेतील यादवी युद्धाचे कारण काय होते. सरकारने कारभार कसा करावा, लोकांच्या स्वातंत्र्यात त्याने किती हात घालावा, अशा अंगाने हेली यांनी उत्तर दिले आणि त्यात गुलामगिरीचा उल्लेखच आला नाही. श्रोत्याने ते लक्षात आणून दिले तेव्हा ‘गुलामगिरीबद्दल मी काय बोलावे असे तुम्हाला वाटते?’ असे त्यांनी त्यालाच विचारले. दुसऱ्या दिवशी टीकेची झोड उठल्यावर युद्ध अर्थातच गुलामगिरीवरून झाले, असा खुलासा त्यांनी केला. पंजाबी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या हेली ज्या साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नर होत्या, ते संघराज्यातून सर्वांत आधी फुटून निघालेले राज्य. तिथल्या विधिमंडळाच्या आवारात फडकणारा बंडखोर सैन्याचा ध्वज २०१५ मध्ये त्यांच्याच सहीच्या कायद्याने उतरवला गेला होता. तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक नव्हते असे मानायला जागा नाही. १८६५ मध्ये संपलेल्या युद्धाचे कारण उच्चारताना एका अनुभवी राजकारणी व्यक्तीची जीभ आजही का अडखळते, हे समजून घ्यायचे तर मुळापासून सुरुवात करावी लागते.

या विषयात सर्वांत जास्त घोळ होतो तो दोन निराळे प्रश्न एकच समजल्यामुळे. दक्षिणेची राज्ये फुटून का निघाली, हा पहिला प्रश्न. उत्तरेने त्यांच्याविरुद्ध शस्त्र का उचलले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘गुलामगिरी टिकवण्यासाठी’ असे नि:संदिग्ध आहे. दुसऱ्याचे उत्तर १८६१ मध्ये ‘संघराज्य टिकवण्यासाठी’ असे होते आणि १८६३ येईपर्यंत ते बदलले. जो कोणी फक्त दुसऱ्या प्रश्नाच्या सुरुवातीच्या उत्तरावर बोट ठेवतो, तो ‘युद्धाचा गुलामगिरीशी संबंध नव्हता’ असे म्हणून मोकळा होतो.

गुलाम असणे म्हणजे काय

१६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्ट येथे एका जहाजातून काही आफ्रिकी माणसे उतरवून विकण्यात आली. पुढे कायद्यांनी या व्यवस्थेला जो आकार दिला, त्यात गुलाम ही जंगम मालमत्ता ठरली. ती विकता येई, भाड्याने देता येई, मृत्युपत्रात मुलाबाळांना वाटून देता येई. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला. त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून मूल झाले, तरी ते मूल मालकाच्या मालमत्तेतच जमा होई. गुलामांच्या विवाहाला कायद्यात किंमत नव्हती आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत त्यांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता.

या व्यवस्थेतील क्रौर्य म्हटले की चाबूक डोळ्यांसमोर येतो, पण सर्वांत खोल जखम ताटातुटीची होती. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या कापसाच्या नव्या प्रदेशांत नेली गेली. काही मालकासोबत गेली, पुष्कळशी व्यापाऱ्यांना विकली जाऊन गेली. नवरा एका मळ्यावर, बायको शेकडो मैलांवर आणि मुले आणखी तिसरीकडे, असे लाखो संसारांचे झाले. युद्धानंतर कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या माणसांच्या शोधाच्या जाहिराती छापून येत. आईचे नाव, शेवटच्या मालकाचे नाव, कोणत्या गावी कोणाला विकले होते आणि तेव्हा आपले वय काय होते, एवढीच माहिती त्यांत असे. कारण तेवढीच त्या माणसांपाशी उरली होती.

ती आपोआप का विझली नाही

स्वातंत्र्याच्या वेळी अनेक अमेरिकी नेत्यांना वाटत होते की गुलामगिरी हळूहळू मावळेल. उत्तरेकडील राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंदही केली. मात्र १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याच्या यंत्राची सुधारित घडण केली आणि चित्र पालटले. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाला सरकी इतकी घट्ट चिकटलेली असे की ती हाताने काढता काढता एका माणसाचा अख्खा दिवस जाई. यंत्राने ही अडचण दूर होताच लागवड पसरत गेली आणि वेचणीला माणसे अपुरी पडू लागली. १७९० मध्ये देशात सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० च्या जनगणनेत ते ३९ लाख ५३ हजारांवर गेले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी होती, म्हणजे ही वाढ मुख्यत: गुलामांच्या पोटी जन्मलेल्या मुलांची होती.

१८६० मध्ये अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता आणि ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा तिथून येत होता. त्या वेळच्या बाजारभावाने देशातील सर्व गुलामांची किंमत सुमारे ३५० कोटी डॉलर होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. देशातील सगळे रेल्वेमार्ग आणि सगळे कारखाने एकत्र केले तरी तेवढी रक्कम होत नव्हती. आपल्याकडे शेतकरी सातबाऱ्यावर बोजा चढवून कर्ज काढतो, तसे तिथले मळेवाले गुलाम तारण ठेवून कर्ज काढत आणि त्या कर्जातून नवी जमीन आणि नवे गुलाम घेत. उद्या एखाद्या कायद्याने राज्यातील सगळे सातबारे कोरे होणार अशी नुसती शंका आली, तर जमिनीचे भाव, बँका आणि सावकारी यांचे काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. दक्षिणेच्या श्रीमंतांना १८६० मध्ये नेमकी अशीच धास्ती वाटत होती. फरक इतकाच, आणि तो सगळ्याहून मोठा, की त्यांच्या सातबाऱ्यावर माणसे चढवलेली होती.

भांडण नव्या जमिनीवरून पेटले

अमेरिका पश्चिमेकडे पसरत होती आणि नवे राज्य संघात आले की ते गुलामगिरीचे असणार की मुक्त, हा वाद दरवेळी उभा राही. त्यामागे सत्तेचे गणित होते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा असतात, राज्य लहान असो वा मोठे. खालच्या सभागृहातील जागा लोकसंख्येवर ठरत आणि तिथे १७८७ च्या राज्यघटनेने दक्षिणेला मोठी सवलत दिलेली होती : मताचा अधिकार नसलेल्या गुलामांपैकी तीन पंचमांश डोकी धरून मालकांच्या राज्याला जागा मिळत. तरीही उत्तरेची लोकसंख्या झपाट्याने वाढत असल्यामुळे दक्षिणेचा सगळा भरवसा सिनेटवर होता आणि तिथले पारडे सांभाळण्यासाठी गुलामगिरीची नवी राज्ये हवी होती.

१८२० मध्ये तडजोड झाली : मिसुरीला गुलामगिरीसह प्रवेश, त्याच्या जोडीला मेनला मुक्त राज्य म्हणून प्रवेश, आणि लुइझियानाच्या खरेदीतून मिळालेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी. मेक्सिकोशी झालेल्या युद्धातून १८४८ मध्ये प्रचंड भूभाग हाती आला आणि जुना वाद नव्याने उफाळला. १८५० च्या तडजोडीत कॅलिफोर्निया मुक्त राज्य झाले; त्याच्या बदल्यात दक्षिणेने पळून गेलेले गुलाम पकडण्याचा कडक कायदा पदरात पाडून घेतला. या कायद्याने उत्तरेतील सामान्य नागरिकालाही पाठलागात मदत करण्याचा हुकूम देता येत होता आणि पकडलेल्या माणसाला ज्युरीसमोर बाजू मांडण्याचा हक्क नव्हता. बॉस्टनच्या रस्त्यांतून बेड्या घातलेला माणूस सैनिकांच्या पहाऱ्यात बंदराकडे नेला जाऊ लागला, तेव्हा तोवर तटस्थ असलेल्या अनेकांना हा प्रश्न दूरच्या कोणाचा राहिला नाही.

१८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची रेषा पुसली आणि तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावे असे म्हटले. परिणामी दोन्ही बाजूंचे सशस्त्र लोक कॅन्ससमध्ये घुसले आणि रक्तपात झाला. मे १८५६ मध्ये साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना सिनेटच्या सभागृहातच छडीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले आणि दक्षिणेतून ब्रुक्स यांना नव्या छड्या भेट म्हणून आल्या. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, अधिकारच नाही असा निकाल दिला. तडजोडीची वाट न्यायालयानेच बुजवली. १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घालून गुलामांचा उठाव घडवण्याचा प्रयत्न केला. तो फसला, ब्राउन फासावर गेले, पण दक्षिणेच्या मनातील भीती बळावली.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. त्यांना एकूण मतांपैकी सुमारे ४० टक्के मते मिळाली आणि दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांच्या नावाची मतपत्रिकाच उपलब्ध नव्हती. जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावणार नाही, मात्र नव्या प्रदेशात पसरू देणार नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. दक्षिणेसाठी तेवढेही पुरेसे होते, कारण आपल्या एकाही मताशिवाय देशाचा अध्यक्ष निवडला जाऊ शकतो हे तिला दिसले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटले, फेब्रुवारी १८६१ मध्ये फुटीर राज्यांनी ‘कॉन्फेडरसी’ नावाचा वेगळा संघ स्थापन केला आणि १२ एप्रिलला त्यांच्या तोफांनी चार्ल्सटन बंदरातील, संघराज्याच्या ताब्यातील फोर्ट सम्टर या किल्ल्यावर मारा केला; युद्ध सुरू झाले ते तिथून. अखेरीस अशी अकरा राज्ये झाली.

‘प्रश्न राज्यांच्या अधिकारांचा होता’

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि त्याला उत्तर द्यायला फुटीर राज्यांचे स्वत:चे दस्तऐवज पुरेसे आहेत. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात मुख्य तक्रार ही की उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत, त्यासाठी स्वत:चे कायदे करून अडथळे आणतात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपले अधिकार वापरले, हीच दक्षिणेची तक्रार होती. १८५० चा कायदा केंद्राच्या बळावर राज्यांच्या सीमा ओलांडून राबवला जात होता, तेव्हा दक्षिणेला राज्यांचे अधिकार आठवले नाहीत. मिसिसिपीने लिहिले की आपली भूमिका गुलामगिरीशी, जगातील सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे निगडित आहे. मार्च १८६१ मध्ये कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सव्हाना येथील भाषणात सांगितले की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, या ‘सत्या’वर आमच्या नव्या राज्याची कोनशिला बसवलेली आहे. त्यांच्या घटनेत गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास स्पष्ट मनाई होती.

आयात जकातीचे कारणही पुढे केले जाते. परंतु १८५७ चा जकात कायदा दक्षिणेच्या पाठिंब्याने झालेला होता आणि त्याचे दर कित्येक दशकांतील सर्वांत कमी होते. जकात वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, आणि तोही फुटीर राज्यांचे बहुतेक सिनेटर आपल्या जागा सोडून निघून गेल्यानंतर.

‘बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच’

हे आकड्यांनी खरे आहे. गुलामगिरी असलेल्या राज्यांत साधारण चारातील एका गोऱ्या कुटुंबाकडे गुलाम होते. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत मात्र हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. तरीही गरीब गोरा शेतकरी लढला, कारण हंगामात तो गुलाम भाड्याने घेई, कधीतरी स्वत: मालक होण्याची आस धरून असे आणि कितीही हलाखी असली तरी आपल्या खाली कोणीतरी आहे हे समाधान त्या व्यवस्थेने त्याला दिलेले होते. उतरंडीतील वरून दुसरी किंवा तिसरी पायरी माणूस किती चिवटपणे सांभाळतो, हे भारतातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अर्थात सगळेच उत्साहाने लढले असेही नाही. वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यावरील एका गोऱ्या पुरुषाला सक्तीच्या भरतीतून सूट देणारा कायदा १८६२ मध्ये आला, तेव्हा श्रीमंतांच्या युद्धात गरिबांचे प्राण जातात अशी कुजबुज खुद्द दक्षिणेत सुरू झाली. आणि व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग तर वेगळा होऊन १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया या नावाने संघराज्यात राहिला.

‘मालकांना पैसे देऊन प्रश्न मिटला नसता का?’

ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने आपल्या वसाहतींतील गुलाम मुक्त करताना मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली होती. गुलामांना काहीही दिले नाही. अमेरिकेत हा मार्ग चालला असता काय? १८६० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा वर्षभराचा खर्च सहा-सात कोटी डॉलर होता, म्हणजे ३५० कोटींसाठी पन्नासहून अधिक वर्षांचा सगळा खर्च लागला असता. शिवाय मालक विकायलाच तयार नव्हते. संघराज्यात राहिलेल्या डेलावेअर या चिमुकल्या राज्यात १८६० मध्ये अठराशेच्या आतबाहेर गुलाम उरले होते. लिंकन यांनी भरपाई देऊन त्यांना मुक्त करण्याची योजना तिथे मांडली आणि ती फेटाळली गेली. जिथे अर्थव्यवस्था गुलामांवर अवलंबूनच नव्हती तिथे ही गत, तर मिसिसिपीत काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. १८६० मध्ये गुलामांच्या बाजारातील किमती चढ्या होत्या. मरू घातलेल्या धंद्याची ती लक्षणे नव्हेत.

उत्तरेचे युद्ध मुक्तीचे कसे झाले

मार्च १८६१ मधील पहिल्या भाषणात लिंकन यांनी गुलामगिरीला हात लावणार नाही असे पुन्हा सांगितले होते. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी ही चार गुलामगिरीची राज्ये संघराज्यात टिकून होती आणि ती दुखावली तर युद्ध हरण्याचा धोका होता. हे धोरण आतून पोखरायला सुरुवात केली ती गुलामांनीच.

२३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत खाडी ओलांडून संघराज्याच्या ताब्यातील फोर्ट मन्रो या किल्ल्यावर पोहोचले. कॉन्फेडरेट सैन्यासाठी तोफांचे मोर्चे उभारायला त्यांना जुंपले होते आणि मालक त्यांना घरच्यांपासून दूर नॉर्थ कॅरोलायनाला पाठवणार होता. मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळालेल्या गुलामांच्या कायद्यानुसार त्यांना परत मागू लागला. किल्ल्याचे प्रमुख जनरल बेंजामिन बटलर मूळचे वकील होते. व्हर्जिनिया आता स्वत:ला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा कायदा तिला कसा लागू होईल, असे त्यांनी विचारले. आणि ही माणसे शत्रूची युद्धसामग्री ठरतात, म्हणून ती जप्त केली आहेत, असे सांगितले. माणसाला सामग्री म्हणणारी तीच जुनी भाषा त्यांनी मालकांवर उलटवली. बातमी मळ्यामळ्यांतून पसरली आणि जुलैअखेर सुमारे ९०० बायका, मुले आणि पुरुष त्या किल्ल्याच्या आश्रयाला आले. तो किल्ला पॉइंट कम्फर्टवरच आहे, जिथे १६१९ मध्ये पहिली आफ्रिकी माणसे उतरवली गेली होती. या तिघांची नावे लिंकन यांच्या नावाइतकीच शाळेच्या पुस्तकांत यायला हवीत असे मला वाटते.

सैन्य जिथे जाई तिथे अशीच माणसे येत राहिली. त्यांना परत पाठवणे म्हणजे शत्रूला मजूर पुरवणे, हे काँग्रेसला उमगले आणि कायदे बदलत गेले. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकन यांनी एका संपादकाला लिहिले की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसे करीन. लिंकन यांना गुलामांची पर्वा नव्हती असे म्हणणारे हे वाक्य नेहमी पुढे करतात. पण मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी महिनाभर आधीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळाला दाखवलेला होता. पत्र लिहिताना ते बिचकणाऱ्या जनमताची तयारी करत होते. सप्टेंबरमध्ये अँटीटमच्या लढाईनंतर इशारा जाहीर झाला आणि १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त असल्याची घोषणा अमलात आली. संघराज्यात राहिलेल्या चार राज्यांना ती लागू नव्हती, ही मोठी उणीव होती. तरी दोन गोष्टी कायमच्या बदलल्या : उत्तरेचा विजय म्हणजे गुलामगिरीचा अंत हे नक्की झाले आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली.

सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांना महिन्याला १० डॉलर आणि त्यांतून कपड्यांचे ३ वजा, तर गोऱ्या शिपायाला १३ डॉलर. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने या भेदभावाच्या निषेधार्थ कमी पगार स्वीकारायलाच नकार दिला आणि बिनपगारी लढत राहिली. जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात तिने मोठी हानी सोसली, आणि समान वेतनाचा कायदा त्यानंतर जून १८६४ मध्ये झाला.

९ एप्रिल १८६५ रोजी कॉन्फेडरसीचे सेनापती रॉबर्ट ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली. १४ तारखेला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. या चार वर्षांत मेलेल्या सैनिकांची संख्या जुन्या गणतीप्रमाणे ६ लाख २० हजार आणि जनगणनेवरून काढलेल्या एका नव्या अंदाजाप्रमाणे साडेसात लाखांच्या आसपास आहे. त्यांतले बहुसंख्य लढाईत पडले नाहीत. हगवण, विषमज्वर अशा छावणीतल्या रोगांनी गेले.

मुंबई आणि दख्खनपर्यंत पोहोचलेली लाट

उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे रोखल्यावर ब्रिटनच्या लँकेशायरमधील गिरण्या बंद पडू लागल्या आणि मजुरांवर उपासमारीची पाळी आली. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा घेऊन लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले. गिरणीमालकांनी मात्र भारताकडे मोर्चा वळवला. गुजरात, खानदेश, वऱ्हाड इथल्या कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशांचा पूर आला. त्या पैशांतून बँका आणि कंपन्या उभ्या राहिल्या. कापूस आणि शेअर यांचे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर चढला. १८६५ च्या वसंतात ली यांच्या शरणागतीची बातमी आली, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा पैसे कोणापाशीच नव्हते. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

शेतकऱ्याला याची झळ उशिरा पण जास्त लागली. तेजीत सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. मंदी आल्यावर तो हात आखडला आणि सरकारचा सारा मात्र वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या या उठावाच्या कारणांत अमेरिकेतील युद्धानंतर पडलेल्या कापसाच्या भावाचीही गणना होते.

दुसरा धागा विचारांचा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या नि:स्वार्थ त्यागाबद्दल आदर व्यक्त करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या सुटकेसाठी हा कित्ता गिरवावा अशी इच्छा फुल्यांनी त्यात लिहिली.

युद्ध जिंकले, पुढे काय

युद्धानंतर राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकाला नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. केंद्राने सैन्याच्या बळावर दक्षिणेत हे हक्क राबवले, त्या काळाला पुनर्रचना पर्व म्हणतात. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मिसिसिपीचे सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेले. कृष्णवर्णीय आमदार झाले, न्यायाधीश झाले, सार्वजनिक शाळा निघाल्या.

जमीन मात्र मिळाली नाही, आणि माझ्या मते पुढच्या पराभवाचे मूळ तिथे आहे. जानेवारी १८६५ मध्ये संघराज्याच्या सैन्याचे जनरल शर्मन यांच्या हुकुमाने किनाऱ्यालगतची जमीन प्रत्येक कुटुंबास ४० एकरांपर्यंत वाटायला सुरुवात झाली होती आणि सुमारे ४० हजार माणसे तिथे नांगर धरू लागली होती. लिंकन यांच्यानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी काही महिन्यांतच ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. कालचा गुलाम त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबू लागला आणि बी-बियाण्याच्या उधारीत बांधला गेला. दुसरीकडे कू क्लक्स क्लॅनसारख्या गोऱ्यांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण केली, खून पाडले. उत्तरेचा उत्साह ओसरला. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा वाद मिटवताना १८७७ मध्ये दक्षिणेतील सैन्य मागे घेण्यात आले आणि पुनर्रचना संपली. मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा अशा युक्त्यांनी मताधिकार कागदावरच राहिला. लुइझियानात १८९६ मध्ये एक लाख तीस हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते तेराशेच्या आसपास उरले. शाळा, आगगाड्या, दवाखाने यांत सक्तीची विभागणी आली आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. ही विभागणी आणि मताधिकाराची ही अडवणूक मोडायला १९५४ चा शाळांविषयीचा निकाल आणि १९६५ चा मताधिकार कायदा उजाडावा लागला.

याच काळात युद्धाचे कारणही बदलून सांगितले जाऊ लागले. दक्षिण आपल्या घरादारासाठी आणि राज्यांच्या हक्कांसाठी शौर्याने लढली, गुलाम तर सुखातच होते, असे कथन पाठ्यपुस्तकांत आणि समारंभांतून रुजवले गेले. लढाई हरलेल्या बाजूने आठवणींची लढाई जवळपास शतकभर जिंकली. रिचमंडमधील ली यांचा भव्य पुतळा १८९० मध्ये उभा राहिला आणि शार्लट्सव्हिलमधील १९२४ मध्ये. युद्ध संपल्यानंतर एवढ्या वर्षांनी, कृष्णवर्णीयांचे हक्क हिरावले जात असताना किंवा हिरावून झाल्यावर. दोन्ही २०२१ मध्ये हटवले गेले. ‘पुतळे हटवले म्हणजे इतिहास पुसला’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही, कारण ते पुतळेच खरा इतिहास झाकण्याच्या प्रयत्नाचा भाग होते. फुटीर राज्यांचे जाहीरनामे कोणीही पुसलेले नाहीत, ते आजही जसेच्या तसे वाचायला मिळतात.

एक धागा अजून न्यायालयांत आणि मतपेट्यांत फिरतो आहे. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद करताना ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीच्या श्रमाचा अपवाद ठेवला होता. त्याचा आधार घेऊन दक्षिणेच्या राज्यांनी बेकार भटकण्यासारख्या क्षुल्लक आरोपांवर कृष्णवर्णीयांना पकडून खाणींना आणि मळ्यांना भाड्याने दिले. केंद्राच्या घटनेतला हा अपवाद आजही कायम आहे; राज्ये आपापल्या घटनांतून तो काढण्यासाठी सार्वमत घेत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगन आणि व्हर्माँट यांनी त्या दिशेने बदल मंजूर केले आणि लुइझियानाने नाकारला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेवाडाने होकार दिला, तर १८५० मध्ये मुक्त राज्य म्हणून संघात आलेल्या कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तुरुंगातील सक्तीचे श्रम बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला.